नोरीन नळ उघडा ठेवते

नवरा गेल्यापासून मी दर हिवाळ्यात एकटीच ॲरिझोनाच्या वाळवंटात ट्रेलर, म्हणजे माझं चाकांवरचं घर, लावते. तिथे विजेचा खांब नाही की पाण्याची जोडणी नाही. छतावरच्या सोलरवर बॅटरी भरेल तेवढी वीज, आणि गावातून कॅन भरून आणू तेवढं पाणी. माझे शेजारी म्हणजे व्हर्लिन आणि त्याची बायको नोरीन. दोन ट्रेलरच्या मधे काटेरी झुडपं, आणि मोठ्याने हाक मारली तर ऐकू जाईल एवढं अंतर.

व्हर्लिनने जन्मभर नेब्रास्कातल्या कुरणांवरच्या, गुरांसाठी पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या दुरुस्त केल्या. पाणी वाचवण्यात त्याचा हात धरणारं आमच्यात कोणी नव्हतं. भांडी आधी कागदाने पुसून घ्यायची, मग फवाऱ्याच्या बाटलीने धुवायची. अंघोळीला अंग ओलं केलं की नळ बंद, साबण लावून झाला की पुन्हा क्षणभर चालू. गरम पाणी येईपर्यंत जे गार येतं, तेही तो पातेल्यात धरायचा आणि त्याचीच कॉफी करायचा. नोरीन त्याची यथेच्छ टर उडवायची. मला नावाने हाक मारून म्हणायची,

"गेल, हा मेला ना, की मी पहिल्यांदा टब भरून अंघोळ करणार बघ."

"टब कुठून आणशील?" तो विचारायचा.

"तुझा पिकअप विकून!"

यंदा आली तेव्हा तिने मला घट्ट मिठी मारली, गप्पा मारल्या, आणि थोड्या वेळाने विचारलं, "तू इथे नवीन आहेस का गं?" तिच्या मागे उभा राहून व्हर्लिन माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "हो, नवीनच आहे."

पुढे पुढे तिच्या हातून दिवे चालू राहायला लागले. भर दुपारी आतले सगळे दिवे, वर पंखा. व्हर्लिन मागून बंद करत जायचा आणि ती पुढे लावत जायची. दिव्यांचं एक वेळ चालून जातं, ऊन आलं की बॅटरी भरते. पण एका सकाळी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"टाकी रिकामी झाली."

"कालच तर भरलीस ना?"

"तिने नळ उघडा ठेवला. मी झोपलो होतो."

मी जाऊन पाहिलं. सगळं पाणी सांडपाण्याच्या टाकीत गेलं होतं, ती भरून पाणी उलटं वर आलं होतं, आणि न्हाणीत पाऊल बुडेल एवढं घाण पाणी साचलं होतं. नोरीन पलंगावर बसून त्या पाण्याकडे बघत होती. "कोणी केलं हे?" तिने मला हळूच विचारलं.

त्यानंतर व्हर्लिन झोपायच्या आधी पंपाचं बटण बंद करायला लागला. पंप बंद म्हणजे नळाला पाणी नाही. पण मग ती उठून नळ फिरवत बसायची, आणि पाणी आलं नाही की रडायची. "मला पाणीसुद्धा देत नाही हा माणूस," असं ती मला सांगायची, तो शेजारी बसलेला असताना. तो मान खाली घालून ऐकायचा. मग न राहवून पंप चालू करायचा आणि खुर्ची ओढून नळापाशीच बसायचा. बसल्या बसल्या त्याला डुलकी लागायची.

मग आभाळ भरून आलं आणि वारा सुटला. धुळीने सूर्य दिसेना. बॅटरी भरेना, आणि हीटरचा पंखा बॅटरीवरच चालतो. त्यात एका दुपारी नोरीनने केस वाळवायचं यंत्र लावून तसंच गादीवर टाकून दिलं. व्हर्लिन बाहेर सांडपाण्याचं बघत होता. तो आत आला तोवर बॅटरी बसली होती. मी माझा छोटा जनरेटर ओढत नेला, पण त्या वाऱ्यात तो धड चालेना. शिवाय टाकीतलं पाणी पुन्हा तळाला गेलं होतं.

"गावात जाऊन पाणी आणायलाच हवं," व्हर्लिन म्हणाला, "पण ही पिकअपमध्ये बसत नाही. मी हिला पळवून नेतोय असं वाटतं तिला."

"तू जा. मी बसते हिच्याजवळ."

तो गेला. मी नोरीनच्या पायांवर रजई घातली. ती जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली आणि मग उठून नळाकडे निघाली.

"काय हवंय नोरीन? पाणी पिणार?"

"नको. नळ जरासा सोडून ठेवते. आज कडाक्याची थंडी पडणार. पाणी वाहतं ठेवलं नाही तर पाईप फुटेल." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "व्हर्लिन बाहेरगावी कामाला जातो ना, मलाच बघावं लागतं. त्यानेच शिकवलंय मला."

नेब्रास्कात असंच करतात. मीही केलंय माझ्या माहेरी. मी तिचा हात धरला, तिने तो सोडवून घेतला आणि नळ उघडला. दोन-चार थेंब आले आणि नळ कोरडा पडला. "गोठलंच शेवटी," ती म्हणाली, आणि हुंदके देत माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

व्हर्लिन आल्यावर मी त्याला बाहेरच गाठून हे सांगितलं. त्याने हातातला कॅन जमिनीवर ठेवला.

"माहितीये मला," तो म्हणाला. "मी हजारदा सांगितलं, आपण आता नेब्रास्कात नाही. ती 'हो' म्हणते. मग मला विचारते, घराला कुलूप लावलंस ना? घर तर विकलं गं, गेल. तिच्या समोर बसून सह्या केल्या."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"काय म्हणणार?"

वारा थांबल्यावर त्याने ट्रेलर पिकअपला जोडला आणि गावातल्या ट्रेलर पार्कमध्ये नेला. तिथे विजेचा खांब, नळाला सदा पाणी आणि सांडपाणी सोडायलाही सोय. हवं तितकं वाहू दे म्हणाला. मला वाटलं, आता तरी त्याला दोन घास सुखाचे मिळतील.

वसंत ऋतूत मी उत्तरेकडे निघाले तेव्हा वाटेत त्यांच्याकडे थांबले. व्हर्लिन बाहेर घडीच्या खुर्चीवर बसला होता. उन्हात, टोपी मांडीवर.

"आत का नाही बसत रे?"

"ती घेत नाही आत. कोणी दुरुस्तीवाला आलाय असं वाटतं तिला. ती झोपली की जातो." मग म्हणाला, "तू सांगून बघशील? तुझं ऐकेल कदाचित."

मी आत गेले. नोरीनने मला ओळखलं नाही, पण बस म्हणाली. टेबलावर दोघांचं जेवण वाढलेलं होतं, मांसाची वडी आणि उकडलेला बटाटा. मी म्हटलं, "नोरीन, बाहेर जो माणूस बसलाय ना, तो फार चांगला आहे. त्याला आत येऊन जेवू देशील?"

तिने दाराकडे पाहिलं. चेहऱ्यावर भीतीच होती.

"चांगला असेल," ती म्हणाली. "उपाशी नको ठेवूस त्याला. पण बाहेरच दे. माझा नवरा घरी नाहीये."

तिने स्वतःच त्यातली एक ताटली माझ्या हातात दिली, वर लोण्याचा एक गोळा घातला. मी ती बाहेर नेली. व्हर्लिनने टोपी खाली ठेवली. ताटली मांडीवर घेतली आणि जेवायला लागला. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसून राहिले.