उन्हाळ्यातले मटार

आमच्या अभ्यासाचा नियम साधा होता. जिच्या नावावर जमीन आहे, त्या बाईला दर महिन्याला फोन करायचा आणि विचारायचं, काल काय जेवलात आणि ते कुठून आलं, शेतातून की बाजारातून? जमीन गेली की ती बाई यादीतून बाद. नियम मीच केलेला, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या नावाने खडे फोडायची सोय नव्हती.

संस्थेत माझी खोली जिन्याखाली आहे. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. सहकारी भले आहेत, वाढदिवसाला केक कापतात आणि दुपारी घोळक्याने जेवायला जातात. मला बोलवायचं त्यांनी केव्हाच सोडलं, कारण मी दर वेळी काम आहे म्हणायची. डबा मी टेबलावरच उघडते, कधी उघडतही नाही. भाऊ परगावी असतो. कागदपत्रं हवी असली की त्याला बहीण आठवते.

यादीतल्या एका मावशींचा फोन मी मुद्दाम शेवटी ठेवायची. एकट्या राहणाऱ्या, नवरा गेलेल्या, तोंडाच्या फटकळ. माझे प्रश्न संपले की त्या विचारायच्या, आणि तू जेवलीस का गं? मी हो म्हणायची. त्या म्हणायच्या, थापा मारू नकोस. महिनाभरात मला हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्यांच्या उत्तरांवर आमचे संचालक खूश होते. डाळ, भात, दोन भाज्या, सगळं शेतातलं. अहवालात यांच्यावर एक वेगळी चौकट टाकायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मग भर उन्हाळ्यात एकदा मावशी म्हणाल्या, काल मटार केले होते, शेतातलेच. मी लिहून घेतलं आणि थबकले. शेतीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण त्या उन्हात मटार येत नाहीत एवढं मलाही माहीत होतं.

"मावशी, या दिवसांत मटार कुठून?"

 मग त्यांनी सांगितलं. जमीन गेल्या वर्षीच दिराच्या मुलाच्या नावावर करून दिली होती. म्हातारपणी मी बघेन, असं तो म्हणाला होता. बघतो, लांबून. मी जरा चिडूनच विचारलं, मग मला का नाही सांगितलंत?

"सांगितलं असतं तर तुझा फोन बंद झाला असता."

मी त्यांचं नाव काढून टाकलं. चौकट गेली म्हणून संचालकांनी ठरलेलं लग्न मोडल्यासारखा चेहरा केला. मला त्यांचाही राग आला आणि माझ्या नियमाचाही.

पुढच्या महिन्यात मावशींच्या आधीच्या नावावर यादी संपली. बाहेर सगळे जेवायला निघाले होते. मी मावशींचा नंबर लावला. पण समोर प्रश्नावली नसेल तर माणसांशी काय बोलायचं, हे मी पार विसरून गेले होते. येत होतं तेच विचारलं.

"मावशी, काल काय जेवलात?"

"लिहून घेणार आहेस?"

"नाही."

"मग काही नाही. काल काही नाही, परवा चहा. त्याला आठवण झाली की धान्य पाठवतो."

"आणि वर्षभर मला सांगत होतात ते?"

"ते आधीचं गं. जमीन होती तेव्हाचं. आठवून आठवून सांगायचे."

 रडू लपवायची मला चांगली सवय आहे, पण या वेळी जमलं नाही. त्यांनी ते ऐकलं असणार, कारण लगेच नेहमीचा प्रश्न आला, तू जेवलीस का? मी खरं सांगितलं, नाही.

रविवारी मी येते, दोघींपुरता डबा घेऊन, असं मी म्हणाले. पत्ता यादीतून काढला होता, डोक्यातून गेला नव्हता.  मला वाटलं, आता नको म्हणतील.

"ये," त्या म्हणाल्या. "पण मटार नको आणूस."