कमी मिठाचे डबे

फ्रीजच्या वरच्या कप्प्यात सहा डबे होते, मधल्या कप्प्यात सहा. वरचे दादाचे, मधले वहिनीचे. प्रत्येकावर चारशे वीस ग्रॅम असं छापलेलं. मी तीन डबे काट्यावर ठेवून पाहिले, फरक चार ग्रॅमच्या आत होता. खालच्या कप्प्यात पाच अंडी, पाव आणि अर्धं लिंबू. तो माझा संसार. दर तीन दिवसांनी कंपनीचा माणूस रिकामे डबे घेऊन जायचा आणि भरलेले बारा ठेवून जायचा.

दादा पुलांचे आराखडे तपासतो. वहिनी विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमानं उतरवते, आणि तिच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागल्यापासून मी त्यांच्याकडेच राहते. दोन वर्षांपूर्वी दादाच्या किडन्या थकल्याचं कळलं. रक्त गाळण्याची क्षमता निरोगी माणसाची शंभराच्या आसपास असते, त्याची चोवीस निघाली. डॉक्टरबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "वीसच्या खाली गेलात की डायलिसिसच्या मशीनची तयारी सुरू करायची. मशीन म्हणजे आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. तोवर मीठ कमी, रक्तदाब काबूत आणि जेवण वेळेवर."

यातलं शेवटचं सगळ्यात अवघड होतं. दादाचं दुपारचं जेवण म्हणजे चारच्या सुमारास नकाशावर सांडलेली बिस्किटं. वहिनी मनोऱ्यातून आली की आधी झोपायची, मग खायची, कधी खायचीच नाही. शेवटी तिनेच ही डब्यांची योजना शोधून काढली. कमी मीठ, मोजलेलं तेल, भरपूर भाज्या, घरपोच.

"आजाऱ्याचं जेवण विकत आणायचं?" दादाने तोंड वाकडं केलं.

"जाहिरातीत आजाऱ्यांचं नाव नाही. कामात बुडालेल्यांसाठी आहे. आजारी तू एकटा आहेस, बुडालेले दोघंही आहोत."

पैसे भरण्याआधी तिने कंपनीला दोनदा फोन केला. मीठ नक्की किती, हे दोन वेगवेगळ्या माणसांना विचारलं. दोघांनी एकच उत्तर दिलं: नेहमीच्या निम्म्याहून कमी.

आणि गुण आला. दर रविवारी मी दादाचा रक्तदाब घ्यायचे. वरचा आकडा एकशे छप्पन होता, तो एकशे बत्तीसवर उतरला. वहिनीची डोकेदुखी थांबली. त्याहून मोठी गोष्ट अशी, की जेवण तयार आहे म्हटल्यावर दादा वेळेवर घरी यायला लागला. दोघं समोरासमोर बसून झाकणं उघडायची आणि एकमेकांच्या डब्यात काय आलंय ते बघायची. टेबलावर इतकं बोलताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरबाईही खूश होत्या.

मग एका सकाळी जिना चढताना दादा मध्येच थांबला. "पाय ओल्या वाळूत रुतल्यासारखे वाटतायत," म्हणाला. त्या दिवशी रक्त दिलं. पोटॅशियम सहा पूर्णांक तीन आलं. पाचच्या वर जायला नको असतं, आणि एवढं वाढलं की हृदयाचा ठोका कधीही चुकू शकतो. त्याला तसंच वॉर्डात ठेवून घेतलं. दोन दिवस छातीला तारा आणि हाताला सुई. वहिनी बाहेरच्या बाकावर गणवेशातच बसून होती. पोटॅशियम खाली आलं तेव्हा डॉक्टरबाईंनी उलटतपासणी घेतली.

"केळी? नारळपाणी? सुकामेवा?"

"काही नाही. फक्त डबा," दादा म्हणाला.

"डब्यात मीठ कमी आहे ना?"

"कमीच आहे."

"कमी लागत नाही पण," मी म्हणाले. दादाच्या डब्यातलं मी अधूनमधून चाखायचे. चव व्यवस्थित खारट होती आणि घास गिळल्यावर जिभेच्या मागे थोडं कडवट उरायचं. सोडियम निम्म्याहून कमी असेल, तर खारटपणा कशाचा?

बाईंनी पेन खाली ठेवलं. "शोधून काढा," म्हणाल्या. "तोवर डबा बंद. आणि यापुढे दिवसभराचं पोटॅशियम दोन हजार मिलिग्रॅमच्या आत."

कंपनीच्या फोनवरची मुलगी गोड बोलायची. आमचं खास मीठ आहे, हृदयाला चांगलं, घटक सांगता येत नाहीत. डब्यावर सोडियमचा आकडा होता, पोटॅशियमचा नव्हता. मग मी दोन डबे पिशवीत घालून प्रयोगशाळेत नेले. मातीतलं पोटॅशियम आम्ही रोजच मोजतो.

"आता जेवणाचीही माती करणार?" आमच्या सरांनी विचारलं. कारण सांगितल्यावर ते गंभीर झाले. "भट्टी वापर. नमुने तीन घे, एकावर विसंबू नकोस."

डाळ, पालक, भाजलेला बटाटा, टोमॅटो, सगळं वाटून एकजीव केलं, वाळवलं, भट्टीत जाळलं. मुशीच्या तळाशी करडी राख उरली, नखावर मावेल एवढी. ती आम्लात विरघळवून ज्योतीच्या रंगावरून पोटॅशियम मोजणाऱ्या यंत्रात घातली. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. दुसऱ्या डब्याचेही तेच.

संध्याकाळी तिघं टेबलाशी बसलो. वहिनी नुकतीच कामाची पाळी संपवून आली होती, केसांवर हेडफोनचा वळ तसाच होता.

"एका डब्यात सतराशे चाळीस," मी म्हणाले.

"मिलिग्रॅम?" दादाला एकक लागतंच.

"हो. आणि तू दिवसाला दोन खात होतास. अर्धं भाज्यांचं आहे. उरलेलं त्या मिठाचं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलंय. वहिनीला ते चालतं, मलाही चालेल. तुझ्या किडन्या ते बाहेर टाकू शकत नाहीत."

"मी दोनदा विचारलं होतं," वहिनी म्हणाली. "त्यांनी खोटं सांगितलं का?"

"नाही. सोडियम खरंच कमी आहे."

"म्हणजे मी अर्धंच विचारलं. मनोऱ्यात मी असं अर्धं विचारलं असतं, तर..." तिने वाक्य सोडून दिलं.

"विमानं राहू दे," दादा म्हणाला. "बाईंनी मीठ सांगितलं, तू मीठ विचारलंस. तुझे डबे बंद करू नकोस. तुझं डोकं दुखायचं थांबलंय."

"तू समोर बसून पाण्यात उकडलेलं खाणार आणि मी हे?"

"आधी ते उकडणार कोण, ते ठरवा," मी म्हणाले. बाईंनी रीत सांगितली होती: बटाटा असो की गाजर, बारीक चिरायचं, पाण्यात भिजत घालायचं, भरपूर पाण्यात उकळायचं आणि सगळं पाणी ओतून द्यायचं. मग पोटॅशियम निम्म्यावर येतं. पण रोज दीड-दोन तास जाणार. "मी करीन."

"छकुले, तुझी अंडी उकडताना करपतात," दादा म्हणाला.

वहिनी हसली नाही. "मी पाळ्या बदलून मागते."

"मागून मिळाल्यात कधी?" दादाने हातातला चमचा सरळ रेषेत ठेवला. "मी मोठा पूल सोडतो."

नदीवरचा तो पूल कागदावर यायची तो किती वर्षं वाट बघत होता, हे आम्हा दोघींना माहीत होतं. वहिनी म्हणाली, "नको." तो उठून हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी तो उजेड असतानाच घरी आला.

"साहेब काय म्हणाले?" वहिनीने विचारलं.

"म्हणाले, बटाट्यापायी पूल सोडणारा माणूस पहिल्यांदाच बघतोय."

"मग?"

"मग काय. सुरी कुठे ठेवलीय?"

त्याने पट्टी लावल्यासारखे चौकोनी तुकडे केले. उकळलेलं पाणी ओतताना खिडकीची काच वाफेने भरून गेली. वहिनीने आपला दुपारचा डबा ठेवला, रात्रीचा बंद केला. पहिला घास घेऊन ती म्हणाली, "पाणचट आहे."

"आहेच," दादा म्हणाला आणि जेवत राहिला.

त्याच्या ऑफिसातून फोन यायचे, नंतर कमी झाले. तो पूल आता त्याच्या हाताखालचा एक जण तपासतो. आकृत्या घेऊन तो एकदा घरी आला होता, तेव्हा दादाने गॅस बंद करून सगळ्या आकृत्या उभ्यानेच पाहिल्या, दोन चुका दाखवल्या आणि पुन्हा गॅस लावला.

तीन महिन्यांनी बाईंनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं. अहवाल आला तेव्हा आम्ही तिघं दवाखान्याच्या बाकावर होतो. वहिनी मनोऱ्यातून थेट आली होती. दादाने पाकीट न फोडता माझ्या हातात दिलं.

"वाच, छकुले."

पोटॅशियम चार पूर्णांक आठ. क्षमता चोवीसवरून एकवीस, मशीनच्या वीसपेक्षा एकच जास्त.