दुकान बंद, आरसा उघडा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. उंची पाच फूट चार इंच, रुंदी दोन फूट, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात नखाएवढा काळा डाग. एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो. यापुढे जे सांगणार आहे, त्यातलं निम्मं मला स्वतःलाच उलगडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला उलगडलं तर मला जरूर सांगा.

माझा जन्म भट्टीत झाला. वाळू वितळवून काच केली आणि काचेच्या पाठीवर चांदीचा थर चढवला. किती जाड? तुमच्या केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातला एखादा भाग. खरा आरसा म्हणजे तो थर, काच नुसती त्याची राखणदार. तरी कौतुक मात्र काचेचंच होतं.

माझ्यावर एक जुना आरोप आहे, की आरसा डावं-उजवं उलटं करतो. साफ खोटं! तुम्ही डावा हात उचला. माझ्यातला हात त्याच बाजूला उचलला जातो, समोरासमोर. मी बदलतो ते पुढचं-मागचं. तुमचं नाक माझ्याकडे, तर माझ्यातलं नाक तुमच्याकडे. त्यामुळे माझ्यातला माणूस जणू वळसा घालून आला आणि तुमच्यासमोर उभा राहिला असं तुम्हाला वाटतं, आणि मग तुम्ही त्याचं डावं-उजवं मोजायला लागता. हे लक्षात असू द्या. पुढे यावरच एका मुलीचं सगळं अडलं होतं.

भट्टीतून मी गेलो एका शिंप्याच्या दुकानात. तिथे मी सव्वीस वर्षं काम केलं. गिऱ्हाईक कच्च्या शिलाईचा कोट घालून माझ्यासमोर उभं राहायचं, पोट आत घ्यायचं आणि खूश व्हायचं. मग शिंपी भिंतीवरचा छोटा हातआरसा काढून त्याच्या पाठीमागे धरायचा आणि म्हणायचा, "पुढची बाजू सगळेच बघतात हो. कापड दगा देतं ते पाठीला." मोठ्या आरशात छोटा आरसा, छोट्या आरशात पाठ. कितीतरी लोकांनी आपली स्वतःची पाठ पहिल्यांदा माझ्यातच पाहिली. "आरसा असावा तर असा," असं लोक म्हणायचे. पोट लपतं असं वाटल्यामुळे म्हणायचे, हे मला माहीत होतं. पण कौतुक ते कौतुक.

रोज संध्याकाळी सहा वाजता शिंपी चिंध्या झाडायचा, कात्री खणात टाकायचा आणि निळ्या चौकटींची एक जुनी चादर दारात झटकून माझ्यावर टाकायचा. कापडाची बारीक लव माझ्यावर बसू नये म्हणून. मग मोठ्याने म्हणायचा, "दुकान बंद!" त्याची लहान मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, चादरीखाली आरसा काय बघतो?"

"सुट्टी बघतो," शिंपी म्हणाला.

तेव्हापासून माझा हिशोब सोपा होता. चादर नाही, म्हणजे काम. चादर आहे, म्हणजे सुट्टी.

पुढे शिंप्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. कात्री चालेना, मग दुकानही चालेना. मला घरी आणून मागच्या खोलीत भिंतीला टेकवून उभं केलं. समोर खिडकी, खिडकीखाली शिंप्याची आरामखुर्ची. मुलगी आता मोठी झाली होती, दूरच्या शहरात नोकरीला होती. ती सामानसुमान घेऊन परत आली. वरिष्ठांना विचारून तिने तेच काम घरून करायची परवानगी मिळवली होती. आली, टेबल माझ्यासमोर मांडलं, माझ्याकडे पाठ करून बसली आणि संगणक उघडला.

त्या पहिल्या दिवशी, सकाळी नऊला पाच मिनिटं कमी असताना, तिने तीच निळी चादर माझ्यावर टाकली आणि कपडे वाळत घालायच्या दोन चिमट्यांनी पक्की केली.

मला वाटलं, सुट्टी. आणि तिने काम सुरू केलं!

मित्रांनो, माझा गोंधळ तिथून सुरू झाला. माझ्याएवढाच शिंपीही गोंधळला. "चादर कशाला गं टाकलीस?"

"बाबा, ऑफिसच्या लोकांना माझ्यामागे साधी भिंत दिसायला हवी. घर दिसलं की त्यांना वाटतं, ही घरी आहे."

"पण तू घरीच आहेस."

"हो, पण तसं दिसायला नको."

हे शिंप्याच्या डोक्यात शिरलं नाही. माझ्याही नाही.

चादरीखालून मला फक्त ऐकू यायचं. "सुई वाकडी झालीय का? किती अंशात?" असं ती कुणालातरी विचारायची. मला आनंद झाला, पोरीने बापाचा धंदा उचलला! शिंपीही मधूनच विचारायचा, "कितव्या नंबरची सुई आहे, विचार." मग तिने त्याला समजावलं. तिची कंपनी रक्त तपासायची यंत्रं बनवते. ती यंत्रं ठिकठिकाणच्या दवाखान्यांत असतात. तिथे बिघाड झाला की यंत्रासमोर उभा राहून तंत्रज्ञ फोनचा कॅमेरा धरतो, आणि ही इथून बघून सांगते, हे उघड, ते पिळ, याला हात लावू नकोस. सुई म्हणजे यंत्रातली, रक्त उचलणारी.

"म्हणजे कापड तिकडे आणि कात्री इकडे," शिंपी म्हणाला. "बरं जमतं गं तुम्हाला."

जमत होतं खरं. पूर्वी तिचे दिवसाचे तीन तास जाण्यायेण्यात जायचे. आता ती सकाळी बाबांच्या हाताला व्यायाम देऊन नऊला टेबलाशी हजर असायची. उरलेल्या वेळात ती यंत्रांची जाडजूड पुस्तकं वाचायची. वर्षभरात तिला कंपनीतल्या सात प्रकारच्या यंत्रांची नस न् नस कळू लागली. ऑफिसात ती दोनच प्रकार बघायची. एक तंत्रज्ञ होता, कायम घाईत असलेला, त्याला सगळे वादळ म्हणत. तो तर अडला की आधी तिलाच हाक मारायचा.

मग विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली आणि तिने अर्ज केला. त्या दिवशी तिच्या भावाचा फोन आला. फोन मोठ्या आवाजात लावलेला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"घरी बसून बढती मिळते होय? मग मीही उद्यापासून बसतो."

"दादा, मी बसत नाही रे. काम करते."

"तेच गं. बसूनच करतेस ना? हे बघ, तिकडे परत जायला सांगितलं तर जा. बाबांना मी घेऊन जातो."

दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला पंचावन्न पायऱ्या. शिंप्याने म्हटलं, "एकदा चढलो की खाली यायचं ते चौघांच्या खांद्यावरूनच." आणि तो हसला. ती हसली नाही.

वरिष्ठांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. कंपनीच्या मोठ्या बाई एक पूर्ण दिवस पडद्यावरून तिचं काम बघणार. घरून विभाग चालवता येतो असं पटलं, तर ही जागा तिची. नाही पटलं, तर पहिल्या तारखेपासून घरून काम बंद, सगळ्यांसारखं ऑफिसात यायचं. म्हणजे एका दिवसात तिची बढतीही ठरणार होती आणि बाबांच्या पंचावन्न पायऱ्याही.

तो दिवस आला. तिने चादरीला दोनाऐवजी चार चिमटे लावले. मोठ्या बाई नऊच्या ठोक्याला हजर झाल्या आणि "माझ्याकडे लक्ष देऊ नका" म्हणाल्या. असं कुणी म्हटलं की दुसरं कशाकडे लक्ष जात नाही, हे मी दुकानातही पाहिलंय.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग वादळचा आवाज आला. "मॅडम, यंत्राखाली पाणी! मागून कुठूनतरी गळतंय. यंत्र भिंतीला चिकटवून बसवलंय, मला मागचं काही दिसत नाही. पुढे ओढू का?"

"ओढू नकोस! नळ्या ताणल्या तर तुटतील. आत नमुने आहेत?"

"चौदा. यातल्या एकाचं लगेच ऑपरेशन आहे, डॉक्टर डोक्यावर उभे आहेत."

 मला तिच्या पेनाची टकटक ऐकू येत होती. मोठ्या बाईंनी घसा साफ केला. आणि तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने फुगलेली चादर, चार चिमटे असूनही, सळकन खाली आली.

कित्येक महिन्यांनी भर दिवसा, काम चालू असताना, मी बघू लागलो. आणि जे दिसलं त्याने माझं डोकंच फिरलं. समोर पडदा, पडद्यात चौकटी, एका चौकटीत ती, तिच्यामागे मी, माझ्यात तो पडदा, त्या पडद्यात पुन्हा छोटासा मी, त्याच्यात आणखी छोटा. मी नेमका कोणता, हेच मला कळेना. आणि माझ्यात काय काय दिसत होतं! दोरीवरचे टॉवेल, औषधांच्या बाटल्या आणि खिडकीखाली आरामखुर्चीत बसलेले, बनियन घातलेले बाबा. घर, पुढून मागून, अख्खं.

"मॅडम," वादळ म्हणाला, "तुमच्या मागे एक आजोबा दिसतायत."

दृष्टीआड ठेवलेली सगळी सृष्टी मोठ्या बाईंसमोर मांडली गेली होती. तिने चादर उचलायला हात पुढे केला. तेवढ्यात शिंपी बोलला. झटक्यानंतर घाईत बोलायचं झालं, की तो शब्द एकेक करून, टाका घालावा तसा बोलत असे.

"पाठ... बघायची असेल... तर दुसरा आरसा लागतो, बाळा."

तिचा हात हवेतच थांबला. "वादळ, तिथे छोटा आरसा मिळेल? कुणाच्याही पर्समध्ये बघ!"

नर्सबाईंच्या पर्समधून आरसा आला. वादळने तो यंत्राच्या मागे सरकवला आणि फोन त्याच्यावर रोखला. यंत्राची पाठ दिसली. दोन पांढऱ्या नळ्या होत्या, दिसायला अगदी सारख्या. एक सांडपाण्याची, दुसरी शुद्ध पाण्याची, आणि तिच्यात पाण्याचा जोर. आरशात गळताना दिसत होती डावीकडची. सांडपाण्याची असेल तर नळी आवळून धरणारी कडी नुसती पिळायची. शुद्ध पाण्याची असेल आणि पाणी बंद न करता कडीला हात लावला, तर फवारा थेट यंत्राच्या विजेवर, आणि चौदा नमुन्यांवर पाणी.

तिने पुस्तिकेतलं चित्र उघडलं. यंत्राची मागची बाजू: डावीकडे सांडपाणी, उजवीकडे शुद्ध पाणी.

"डावी म्हणजे सांडपाण्याची. सरळ पिळून टाक."

"पिळतो."

मला ओरडावंसं वाटलं. आरशांना ओरडता येत नाही.

"थांब!" तीच एकदम ओरडली. "हात काढ. काढलास?"

"काढला."

ती उठली, वळली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. घरी आल्यापासून पहिल्यांदा. तिला आपला चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात बघायची सवय लागली होती. माझी गरज उरली नव्हती. तिने डावा हात उचलला. माझ्यातला हात त्याच बाजूला उचलला गेला. ती पुटपुटली, "चित्र काढणारा यंत्राच्या मागे उभा होता. वादळ पुढे उभा आहे. आरशात जे त्याच्या डाव्या हाताला दिसतं, ते मागे उभ्या असलेल्या माणसाच्या..." तिने उजवा हात उचलला. "उजव्या हाताला."

मग ती मान वळवून ओरडली, "शुद्ध पाण्याची आहे! आधी पाणी बंद कर, मग कडी!"

पाणी बंद झालं, कडी आवळली, गळती थांबली. चौदाही नमुने वाचले. वादळ म्हणाला, "आजोबांना नमस्कार सांगा."  मग मोठ्या बाईंनी विचारलं, "ते तुमचे वडील? काय करायचे?"

"कपडे शिवायचे. हा त्यांच्याच दुकानातला आरसा."

"मग झाकता कशाला?" मोठ्या बाई म्हणाल्या.

तिला जागा मिळाली. दादाचा फोन आला, तो म्हणाला, "मी म्हणतच होतो." काय म्हणत होता ते त्याने सांगितलं नाही. चादर घडी होऊन शिंप्याच्या मांडीवर गेली, आणि मला वाटलं, चला, गोंधळ संपला.

पण गोंधळ खरा तिथून वाढला. आता तिच्या हाताखाली बारा माणसं आली, बारा ठिकाणची. साडेसहाला हाक, सातला हाक, जेवताना हाक. पूर्वी सगळे तिला म्हणायचे की आता तू मोकळी झालीस. मोकळी म्हणजे काय, मित्रांनो? तिचं ऑफिस दूर होतं तेव्हा ते बंद तरी व्हायचं. आता ते चार पावलांवर आहे आणि बंदच होत नाही. दिवसभर माझ्यासमोर तिची पाठ असते, आणि ती पाठ दर आठवड्याला थोडी जास्त वाकते. कापड दगा देतं ते पाठीलाच.

काल शिंप्याने विचारलं, "बाळा, तू आत्ता घरी आहेस की कामावर?"

"दोन्हीकडे, बाबा."

"बरं. मग चहाला कोण येणारे, ते तुमच्यात ठरवा."

"पाच मिनिटं, बाबा."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजले होते. तो खुर्चीचा हात धरून उठला. चादर डाव्या हाताने झटकली, अगदी दुकानाच्या दारात झटकायचा तशी. पाय ओढत तो येऊ लागला. मला वाटलं, माझ्याकडेच येतोय. पण तो टेबलाशी थांबला आणि त्याने चादर संगणकावर टाकली.

"मॅडम?" चादरीखालून आवाज आला. "मॅडम, इकडे एकदम अंधार झाला."

"दुकान बंद!" शिंपी म्हणाला.

ती रागावेल असं मला वाटलं. ती तोंड उघडून त्याच्याकडे बघत राहिली. मग चादरीत तोंड घालून म्हणाली, "सकाळी नऊला बोलू," आणि आतलं बटण दाबलं.

मित्रांनो, आरशाला फडक्याने पुसावं, ओल्या भिंतीपासून दूर ठेवावं, एवढीच काळजी लागते. माणसाची काळजी घेणं अवघड आहे, कारण त्याच्यावर चादर कधी टाकायची ते कुणीतरी घड्याळ बघून ठरवावं लागतं. तुमच्या घरी असं कुणी काम करत असेल, तर सहा वाजता एकदा जाऊन बघा. आवाज दिल्याने भागलं नाही, तर चादर न्या.

माझा हिशोब मात्र पार चुकला आहे. चादर नाही म्हणजे काम, असं मी धरून चाललो होतो. आज सहा वाजून गेलेत, मी उघडा आहे, आणि दुकान बंद आहे. ती माझ्यासमोर उभी राहून खांदे मागे घेतेय, आणि तिच्या मागे बाबांनी डाव्या हातात तो छोटा हातआरसा धरलाय. हात थरथरतोय, त्यामुळे तिची पाठ मला धड दिसत नाही.

"सरळ उभी राहा," तो म्हणतोय. "आणखी. हं... आता बघ."