मधल्या नऊ नोंदी

बाकावर चौदा सुटे भाग होते. ब्रेकचे दोन दांडे, दोन वायरी, वायरींवरची दोन वेष्टणं, चार रबरं, वायर आवळायचे दोन बोल्ट आणि त्यांचे दोन नट. मामाने ते जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडले होते आणि एकेक उचलून भिंगाखाली धरत होता. अपघाताला नऊ दिवस झाले होते. ही चौथी तपासणी.

"तीन पूर्णांक दोन मिलिमीटर," तो म्हणाला. "काल पण एवढंच आलं होतं ना?"

"परवाही," भाची म्हणाली.

"मग रबर नाही."

रबर नाही, वायर नाही, दांडाही नाही. उरले दोन नट, आणि त्यांच्याकडून काही कळण्यासारखं नव्हतं. अपघातानंतर ज्यांनी सायकल जीपमध्ये घातली, त्यांनी चाकं काढायला वायरी सोडवल्या होत्या आणि नट पिशवीत टाकून पाठवले होते. ते आधीच ढिले होते की नाही, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं.

सायकल गणिताच्या बाईंची होती. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. शनिवारी मामाने तिचे ब्रेक नव्याने बसवले. रविवारी बाई डोंगराच्या माथ्यावरून जंगलातल्या खडीच्या वाटेने नदीकडे निघाल्या आणि उतारावर कोसळल्या. गळ्याचं हाड मोडलं, उजवं मनगट दोन ठिकाणी. शुद्धीवर आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं की दोन्ही ब्रेक दाबले होते, पण सायकल थांबलीच नाही.

"मी नट आधी हाताने लावतो," मामा म्हणाला. हेही तो चौथ्यांदा सांगत होता. "सगळे लावून झाले की पाना घेऊन शेवटचा पीळ देतो, एका ओळीत. चाळीस वर्षं असंच. पण त्या दिवशी पाना हातात घेतल्याचं मला आठवतच नाही. तुझं पुस्तक छापून आलं होतं. येईल त्याला उघडून दाखवत बसलो होतो."

भाचीने वर्तमानपत्राची दुमडलेली कड सरळ केली.

पुस्तक समोरच्या फळीवर होतं. नदीच्या खोऱ्यातल्या आणि पायथ्याच्या जंगलातल्या बावीस खडीवाटा, प्रत्येकीची लांबी, खडीची जाडी, दर पन्नास मीटरवरचा उतार. भूगोलाची पदवी हातात पडल्यावर मिळालेलं तिचं पहिलं काम. सात महिने ती एक मीटरची फळी आणि उतारमापक सायकलला बांधून हिंडली होती. लहानपणी घरातल्या सगळ्यांची उंची मोजत सुटायची म्हणून मामाने तिचं नाव फूटपट्टी ठेवलं होतं. पुस्तक आलं तेव्हा तो गिऱ्हाइकांना म्हणाला होता, "आमच्या फूटपट्टीने डोंगर मोजलाय, चेष्टा नाही."

बाई ज्या वाटेवर पडल्या ती पुस्तकातली नववी; पुस्तक बघूनच त्या तिथे गेल्या होत्या.

आतल्या दारातून मामी डोकावली. "झालं का तुमचं शवविच्छेदन? ताटं वाढलीत."

"भूक नाही."

"भूक नाही म्हणे. त्या बाईंनी हाड मोडूनसुद्धा काल पोटभर खाल्लं, मी स्वतः डबा नेला होता. आणि हे धडधाकट माणूस उपाशी." ती भाचीकडे वळली. "तूच सांग गं यांना. आज पाच वाजता जाऊन बाईंना सांगणार आहेत, माझ्यामुळे झालं म्हणून. आणि महिनाअखेर दुकानाला कुलूप."

"कुलूप?"

"ब्रेक लावता येत नसेल त्याने सायकलीला हात लावू नये," मामा म्हणाला. "काल एक बाप लेकीची सायकल घेऊन आला होता. मी परत पाठवला."

मामी आत गेली. भाचीने एक नट उचलला, बोटात फिरवला आणि जागेवर ठेवला. तो ओळीत नीट बसेना. तिने पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"मामा, नवव्या वाटेवरचा शेवटचा अर्धा किलोमीटर मी मोजलेला नाही."

त्याने भिंग खाली घेतलं.

"अकरा नोंदी हव्या होत्या. पहिली, त्या तुकड्याच्या वरच्या टोकाची घेतली आणि पाऊस लागला. त्या दिवशी भाड्याने केलेल्या जीपचा ड्रायव्हर निघायची घाई करत होता. दुसऱ्या रस्त्याने फिरून आम्ही नदीपाशी आलो, तिथे मी अकरावी घेतली. दोन्ही सहा टक्क्यांच्या आसपास होत्या." तिचा आवाज पाठ केलेला वाटावा इतका सपाट होता. "मधल्या नऊ मी घरी बसून भरल्या. पाच पूर्णांक आठ, सहा पूर्णांक एक, अशा. खऱ्या दिसाव्यात म्हणून जरा खालीवर."

"नंतर जाऊन बघितलं नाहीस?"

"नाही. जायचं होतं. मग छपाईला गेलं."

"म्हणजे तिथे काय आहे, ते तुला माहीतच नाही."

"नाही."

ती ओरडा खायला मान खाली घालून उभी होती. लहानपणी अशा वेळी तो पान्याने बाकावर टकटक करायचा. आज त्याने पाना उचलला नाही, टोपी उचलली.

"खडी तिथली भुसभुशीत आहे," तो म्हणाला. "बारा टक्क्यांच्या वर उतार असेल तर कसलाही ब्रेक तिथे टिकणार नाही. चाक थांबेल, सायकल घसरत राहील. आठच्या खाली असेल, तर नवशिका पोरगाही सायकल थांबवू शकतो. फळी कुठे आहे तुझी?"

"घरी."

"घेऊन ये. आणि मामीला सांग, मी जेवतोय."

नदीपर्यंत ते सायकलींवर गेले आणि तिथून सायकली ढकलत वर निघाले. वाट झाडीत शिरत होती. मामा पुढे होता. दुपार उतरत होती, पण त्याच्या चालीत नऊ दिवसांत दिसला नव्हता असा जोर होता.

"आम्ही अडाणी माणसं डोंगर चढून दमतो," तो मागे न बघता म्हणाला. "शिकलेल्यांचं बरं असतं. घरी पंख्याखाली बसून सपाट करतात."

"मामा."

"बोलू दे. एवढा माझा हक्क आहे."

ती सायकल ढकलत मागून येत राहिली. बोलणी खाताना छातीवरचं ओझं थोडं थोडं उतरत होतं, आणि ते उतरतंय याचीही तिला लाज वाटत होती.

अकरावी नोंद पुस्तकातल्यासारखीच आली, सहा पूर्णांक तीन. ती खरीच होती. तिथून टेपने पन्नास मीटर मोजून वर गेले तेव्हा दोघांनाही धाप लागली होती. तिने खडी बाजूला सारून फळी टेकवली, वर उतारमापक ठेवला, आकडा थांबायची वाट पाहिली, मग फळी उलटी फिरवून पुन्हा पाहिला.

"तेरा पूर्णांक आठ."

मामाने वहीत लिहिलं, खाली रेघ मारली. "पुस्तकात किती आहे?"

"सहा पूर्णांक एक."

"वा."

त्याच्या वरची, नववी नोंद पंधरा पूर्णांक एक आली. मामाने तो आकडा दोनदा विचारला, लिहिला, मग वही मिटून कपाळावरचा घाम पुसला आणि मोठ्याने हसला. "फूटपट्टी, तू म्हणजे अगदी धन्य आहेस! पंधरा! अगं, इथे तर घोरपडसुद्धा घसरेल." त्याने खिशातून फोन काढला. "तुझ्या मामीला सांगतो, त्या लेकीच्या बापाला निरोप दे म्हणावं. उद्या सकाळी सायकल घेऊन ये."

फोन लागला. तो मामीशी बोलत होता, तिला चिडवत होता, रात्री काय करणार विचारत होता. भाची फळी काखेत धरून उभी राहिली. चूक तिची होती, पुस्तकात छापलेली, तिच्या नावासकट. संध्याकाळी बाईंच्या घरी तिला जावं लागणार होतं, मामाला नाही. तिने ते मनात मांडून पाहिलं आणि तिला ते सोसण्यासारखं वाटलं.

"बाई पडल्या ती जागा कुठे?" तिने विचारलं.

"बाईंना उचलून नेणाऱ्यांनी झाडाला लाल फडकं बांधलंय म्हणाले. असेल इथेच कुठे."

फडकं तिथे नव्हतं. खालीही नव्हतं, आता चालून आले त्या वाटेवर कुठेच दिसलं नव्हतं. ती पुढच्या वळणापर्यंत टेप सोडत गेली. पन्नास मीटर संपले तिथेच, डाव्या हाताच्या झाडाला, लाल फडकं होतं. खाली आरशाची काच विखुरलेली होती आणि एका दगडावर सायकलचा निळा रंग खरवडला होता.

आठवी नोंद. तिने मान वर केली. बाई तिकडून आल्या होत्या, माथ्याकडून. आत्ता मोजलेला तीव्र उतार त्यांच्या वाटेत यायचा होता, पण त्याआधीच त्या पडल्या होत्या. वरची वाट झाडांमधून संथ, सारख्या उताराने दूरपर्यंत दिसत होती.

मामा मागून आला. त्याने फडक्याकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं. वही उघडली आणि पेन्सिल धरली. तो शीळ घालत होता.

तिने खडी सारली. पुन्हा सारली, हाताने, अगदी मऊ माती लागेपर्यंत. फळी टेकवली, मापक ठेवला. आकडा थांबला. तिने फळी उलटी फिरवली. आकडा तोच राहिला. ऊन मापकाच्या पडद्यावर पडत होतं आणि मामा उभा होता तिथून त्याला काही दिसत नव्हतं.

"बोल की. चौदा?"

तिने मापकावरची धूळ अंगठ्याने पुसली.

"फूटपट्टी?"

"सहा पूर्णांक दोन," ती म्हणाली.

शीळ थांबली. मामाने वाटेकडे पाहिलं, वर, लांबपर्यंत. मग त्याने वही गुडघ्यावर टेकवून आकडा लिहिला, सावकाश, त्याखाली रेघ न मारता.

"पुढची घे," तो म्हणाला.

टेपचं एक टोक त्याने धरलं. ती पन्नास मीटर वर गेली, खडी सारली, फळी टेकवली, उलटी फिरवली, आणि त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"सातवी. पाच पूर्णांक नऊ."