सडपातळ माणसाची नळी

प्रयोगशाळेत सडपातळ, निरोगी माणसाचं रक्त कमी पडलं की घरचं माणूस धरून आणायची आमची रीत. मी दादाला आणलं. जाड्या माणसाचं रक्त म्हणून माझंच दिलं. दंडावर कापूस दाबत दादा हसला, "ढोले, तुझ्या नळीतून लोणी निघेल बघ!"

चरबीच्या पेशी रक्तात इवलेसे बुडबुडे सोडतात. त्यांतून निरोप जातात, यकृताला, स्नायूंना. चरबी बिघडली की निरोपही चहाडखोर होतात: इन्सुलिनचं ऐकू नका. आम्ही ते बुडबुडे बशीत वाढवलेल्या स्नायूंच्या पेशींवर सोडतो आणि बघतो, त्या साखर उचलतात का.

माझ्या बुडबुड्यांखाली पेशी नीट चालल्या. दादाच्या बुडबुड्यांखाली ढिम्म. नळ्यांची अदलाबदल झाली, दुसरं काय! हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी आमच्या दोघांच्या सगळ्या नळ्यांच्या चिठ्ठ्या बदलून टाकल्या. कुणी विचारलंही नाही; सगळ्यांना हवं तेच उत्तर आलं होतं. घाबरून मी गोड सोडलं, रोज चालू लागले. त्याला वर्ष झालं.

काल शीतकपाट आवरताना त्या नळ्या हाती आल्या. रक्त घेताना मी झाकणांवर सुईनं खूण करते. दादाला चौकोन, मला गोल, गोल का ते सांगायला नको. माझी चिठ्ठी असलेल्या नळीवर चौकोन होता. म्हणजे अदलाबदल झालीच नव्हती. ती मी केली होती.

तशीच दादाकडे गेले. तो पाय स्टुलावर टाकून बसला होता, शेजारी पाण्याची बाटली रिकामी.

"नवा बूट चावलाय," वहिनी म्हणाली. "दीड महिना झाला, बरंच होत नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं तर ऐकतील तर शपथ!"

मी पट्टी सोडली. अंगठा कडेनं काळा पडला होता.

"दादा, ती वाईट नळी तुझी होती. मला तेव्हाच दिसलं होतं. मीच ती माझ्या नावावर केली."

"कसली नळी? तू तुझं वजन बघ आधी," तो म्हणाला, आणि त्यानं त्या काळ्या कडेत नख खुपसून मला दाखवलं. "हे बघ. काही नाही झालेलं. जराही दुखत नाही."