दोघींची एक काठी

मित्रांनो, गोल्फ खेळायच्या काठ्यांमध्ये मी सात नंबरची. माझं डोकं लोखंडाचं आणि दांडा पोलादाचा. पूर्वी मी चांगली लांब होते. आता जेमतेम तुमच्या कमरेला लागेन एवढीच उरले आहे. कोल्हापूरबाहेरच्या माळावर गोल्फचं एक मैदान आहे. त्याला लागून असलेल्या दोन खोल्यांच्या घरात मी दारामागे उभी असते.

मला कुणी घडवलं ते मला सांगता येणार नाही. एका साहेबांच्या हातात मी बरीच वर्षं राबले. एके दिवशी त्यांचा फटका चुकला आणि रागाच्या भरात त्यांनी मला करवंदीच्या जाळीत फेकून दिलं. बाळासो मैदानाचं गवत कापायला ट्रॅक्टर चालवायचे. त्यांनी मला काट्यांतून काढून परत नेऊन दिलं. साहेब म्हणाले, "ठेव तुलाच. माझ्या डोळ्यांसमोर नको."

बाळासोंची बायको चार महिन्यांपूर्वीच वारली होती. घरात ते आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी क्रांती. आई गेली तशी क्रांती बोलायची थांबली होती. काही विचारलं तर मान हलवायची. शाळेतली मुलं तिला मुकी म्हणायची. त्या घरात दोन माणसं जेवायला बसायची आणि ताटवाटीशिवाय कशाचाही आवाज यायचा नाही.

एका दुपारी बाळासोंनी करवतीनं माझा दांडा वरून वीतभर कापला. मुठीवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि मला पोरीच्या हातात दिलं.

"जा, त्या पोरांत जाऊन ठोक जरा," ते म्हणाले. "घरात भिंतीकडं बगत बसू नगंस."

रविवारी सकाळी संयोगिता मॅडम मुलांना गोल्फ शिकवायच्या. तिथं ऐश्वर्या यायची. शहरातले खताचे व्यापारी नेमगोंडा आण्णा, त्यांची ती नात. तिनं मला पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "ही काठी हाय का खुरपं गं?"

सगळे हसले. मला वाईट वाटलं. पण क्रांतीही हसली, म्हणून मी ते सोडून दिलं.

शिकायला काठ्या पुरत नव्हत्या. ऐश्वर्याच्या हातात काहीच नव्हतं. क्रांतीनं न बोलता मला तिच्यापुढं धरलं. तेव्हापासून एक फटका हिचा, एक तिचा. दोघी मला 'आपली' म्हणायच्या. म्हणजे ऐश्वर्या म्हणायची आणि क्रांती मान हलवायची.

एका रविवारी क्रांतीनं डबा उघडला. डब्यात बटाट्याची भाजी होती. ऐश्वर्यानं हात मागे घेतला. तिचं घर जैन, त्यांच्याकडे जमिनीखालचं काही चालत नव्हतं. पुढच्या शनिवारी बाळासो भाजी चिरायला बसले तेव्हा क्रांती मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, बटाटा नगं. ऐश्वर्या खात न्हाय."

बाळासोंचा विळीवरचा हात तसाच थांबला. आई गेल्यापासून सात महिन्यांनी पोरगी पहिल्यांदा बोलली होती. त्यांनी तोंड फिरवलं आणि म्हणाले, "वांगं चालतंय का इचार तिला."

मग ती बोलू लागली. आधी ऐश्वर्याशी, मग मॅडमशी. वर्गात उभी राहून धडा वाचू लागली. कुणी मोठा माणूस तिच्या फटक्याच्या आड आला तर "ओ काका, बाजूला व्हा की!" असं ओरडू लागली. मी दोन वर्षं तिच्या हातात होते. आधी तिची मूठ घामानं भिजायची. मग भिजेनाशी झाली.

मग स्पर्धा आली. नऊ होल, म्हणजे जमिनीतले नऊ खळगे, खेळायचे; ज्याचे फटके कमी तो पहिला, आणि मुलींतून एकीलाच पुण्याच्या शिबिराला पाठवायचं. आण्णांनी ऐश्वर्याला नव्या काठ्यांची पिशवी आणली होती. या खेळात आपले फटके आपण लिहायचे नसतात, जोडीदारानं लिहायचे असतात. ऐश्वर्याचं कार्ड क्रांतीकडे होतं.

सहाव्या होलला ऐश्वर्याचा चेंडू बाभळीखाली अडकला. नवी काठी तिला लांब पडत होती. ती घाबरली आणि सवयीनं हात पुढं करून म्हणाली, "दे की गं आपली." क्रांतीनं मला दिलं. फटका छान बसला. दुसऱ्या खेळाडूची काठी घेतली की दोन फटक्यांचा दंड, हे मॅडमनी शिकवलेलं दोघींच्याही लक्षात आलं नाही. काठी दुसऱ्याची आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

शेवटी ऐश्वर्याचे बावन्न फटके झाले, क्रांतीचे त्रेपन्न. ऐश्वर्या पहिली. तेवढ्यात त्यांच्या मागून खेळत आलेला आदर्श नावाचा मुलगा म्हणाला, "म्याडम, हिनं क्रांतीची काठी घेतलीया. मी बगितलंय."

"न्हाय," ऐश्वर्या म्हणाली. मागे आण्णा उभे होते. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

मॅडम क्रांतीकडे वळल्या. "कार्ड तू लिहिलंस. तू सांग."

सगळे तिच्याकडे बघत होते. क्रांतीनं मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "घेतली. सहाव्या होलला. मीच दिली."

मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ऐश्वर्याचे चोपन्न झाले. जाताना ती क्रांतीजवळ थांबली आणि म्हणाली, "बोलाय शिकलीस ती माझ्यावरच उलटाय व्हय गं?"

पहिला नंबर क्रांतीचा झाला, पण ती पुण्याला गेली नाही. मैत्रिणीला पाडून नंबर काढला, असं मुलं म्हणू लागली. ती रविवारी मैदानावर जाईनाशी झाली. मी दारामागे गेले.

एक दिवस बाळासो तिच्याजवळ बसले. "तुझी आई गेली त्या सकाळी मी तिच्याशी बोललो नव्हतो," ते म्हणाले. "कायतरी बारकं भांडण. रुसून कामावर गेलतो. सांजच्याला बोलू म्हटलं. दुपारीच निरोप आला. तू जा बाळ. बोल तिच्याशी."

क्रांतीनं मान हलवली. पण ती गेली नाही.

आणि मग ऐश्वर्याच आली. जून महिना होता. ती बेळगावला शाळेच्या वसतिगृहात निघाली होती. रस्त्यावर आण्णांची गाडी उभी होती आणि ऐश्वर्या आमच्या तारेच्या कुंपणाशी. क्रांतीनं तिला खिडकीतून पाहिलं. ती दारामागे आली आणि तिनं मला उचललं. तिची मूठ घामानं चिंब झाली होती. दार अर्धं उघडं होतं. तिचे ओठ हलले. आवाज आला नाही. पुन्हा हलले. ऐश्वर्या बराच वेळ थांबली. मग गाडीचा हॉर्न वाजला आणि ती वळली.

क्रांतीनं मला जागेवर ठेवलं. आता ती घरातही बोलत नाही. बाळासो एकटेच काहीबाही बोलत जेवतात आणि मग तेही गप्प होतात.

मित्रांनो, मला पुसा, मला जपा, असं मी म्हणणार नाही. लोखंडावर गंज चढायचाच. पण तुमचं कुणाशी असं अडलं असेल, तर आज जा. कोण चुकलं ते मागाहून बघता येईल. आधी त्याला नावानं हाक मारा. त्या दिवशी मी अर्ध्या उघड्या दारात होते, मला सगळं दिसत होतं, आणि मला हाक मारता येत नव्हती. तुम्हाला येते.