पाण्याच्या दाराची किल्ली

राणी गादीवर आली तेव्हा तेवीस वर्षांची होती, आणि तिच्या काकांच्या मते हे वय फक्त सही करण्याचं होतं. काका रोज सकाळी तयार हुकूम आणत, बोट ठेवून जागा दाखवत आणि वाचून उगाच डोळ्यांना शीण देऊ नकोस म्हणत. राणी वाचायची. सगळं, अगदी तारखेसकट. त्यामुळे काकांचा नाश्ता दुपारवर जायला लागला.

मग काकांचा गुडघा अचानक धरला. दरबाराच्या बेचाळीस पायऱ्या चढवत नाहीत असं सांगून त्यांनी मंत्र्यांची बैठक तळमजल्यावर स्वतःच्या खोलीत हलवली. राणीला निरोप जायचा तो बैठक उठल्यावर.

अशाच एका बैठकीला शेजारच्या राज्याचा दूत आला. नदी राणीच्या मुलखातून त्यांच्याकडे वाहायची आणि धरणाचं दार राणीच्या हद्दीत होतं. दाराची किल्ली आमच्या राजाला द्या, आम्ही तुमचं रक्षण करू, असं दूताचं म्हणणं. कोणापासून, हे त्याने सांगितलं नाही. पण त्यांचं सैन्य हद्दीवर तंबू ठोकून बसलं होतं, तेव्हा कोणी विचारलंही नाही. काकांनी मान डोलावली. ती पाहून मंत्र्यांनीही डोलावल्या.

करार सहीला आला. राणीने तो दोनदा वाचला आणि मिटून ठेवला.

"सही होणार नाही," ती म्हणाली.

काकांनी तिला बाजूला घेऊन समजावलं. तू अजून लहान आहेस, सैन्य दाराशी आलंय, तुझ्या वडिलांनीसुद्धा कधी माझा शब्द खाली पडू दिला नाही. हे शेवटचं साफ खोटं होतं. वडील असताना काकांना कोणी विचारत नसे. राणीने ऐकून घेतलं आणि उद्या उजाडताच सगळ्यांनी धरणावर यावं असं सांगितलं. दूतानेही. बांधावर घोडा जात नाही, तेव्हा चालत.

सकाळी वरात निघाली. दूत खात्यापित्या घरचा होता, दर शंभर पावलांवर थांबून तो निसर्ग पाहत होता. दिवाणजींचा एक जोडा चिखलाने ठेवून घेतला. काका काठी टेकत, कण्हत सगळ्यांत मागे होते. तेवढ्यात मागून एक मोकाट बैल आला. काकांनी काठी टाकली, दिवाणजींना ओलांडलं, दूताला ओलांडलं आणि ते धरणावर सगळ्यांच्या आधी पोहोचले. दुखरा गुडघा कुठल्या पायाचा, हे त्यानंतर त्यांनाही नक्की सांगता येईना.

धरणावर मुकादम उभा होता. काकांनी धापा टाकत किल्ली मागितली. त्याला वाटलं, थट्टा चाललीय.

"कसली किल्ली? हे चाक आहे. आठ माणसं लागतात."

चाक खोलीएवढं होतं. मंत्र्यांनी ते जन्मात पहिल्यांदा पाहिलं. राणी मात्र वडील गेल्यापासून दर आठवड्याला इथे येत होती.

"मग हे कालच का नाही सांगितलंस?" काकांनी विचारलं.

"किल्ली असती तरी दिली नसती, काका. मग सांगायचं काय होतं?"

दूताने घाम पुसला आणि आमचा राजा सैन्य पाठवेल, असं बजावलं. राणीने चाकावर हात ठेवला. सैन्य आलं तर माझी माणसं चाक सोडून डोंगरात जातील, मग तुम्हीच फिरवा, ती म्हणाली. हवं तर आत्ताच करून बघा. दूताने इरेला पेटून चाकाला खांदा लावला. त्याच्या मागे, नाइलाजाने, काका आणि अख्खं मंत्रिमंडळ. चाक तसूभर हललं नाही. बराच वेळ पाहून मुकादम अदबीने म्हणाला,

"साहेब, ते दुसऱ्या बाजूला फिरतं."

दूत तिथेच दगडावर बसला. राणी त्याच्या शेजारी बसली. उन्हाळ्यात तुमच्या शेतांना पाणी लागतं हे मला ठाऊक आहे, तिने सांगितलं. दर आठव्या दिवशी सोडू, तसं लिहून देते, पण चाकावर हात आमचेच राहतील. दूत तळहातावरचे फोड पाहत होता. राजाला समजावतो, म्हणाला.

दहा दिवसांनी राजाचा होकार आला आणि तंबू उठले. राणीने ते पत्र धरणावर नेऊन मुकादमाला वाचून दाखवलं. त्याने नीट ऐकलं आणि विचारलं, आठवड्याला दार उघडायचं तर आणखी दोन माणसं मिळतील का? तिने तिथेच बांधावर बसून तसा हुकूम लिहिला.